हाजी मोहम्मद मोहसिन : सगळं दिलं, पण राखलं कोणी?

शाळा सुरू झाली की आमच्याकडे पहिले काही आठवडे शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे असतात. उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन फोटो. एकाचा दाखला नसतो, दुसऱ्याच्या पासबुकात नाव चुकलेलं असतं. अशाच एका दुपारी नववीतल्या एका मुलीनं फॉर्म भरता भरता मला विचारलं की आपा, हे पैसे नक्की कोणाच्या खिशातून येतात? सरकारी फॉर्मचं उत्तर सोपं होतं. पण तिच्या हातातला फॉर्म एका खासगी ट्रस्टचा होता. वर कोणा मरहूम गृहस्थाचं नाव छापलेलं. हे कोण होते, असं तिनं विचारलं आणि मला सांगता येईना.

त्या दिवशी मी मुलांना दुसऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. मुलंबाळं नसलेला, आयुष्याचा मोठा काळ प्रवासात घालवलेला माणूस. त्यानं आपली सगळी इस्टेट अल्लाहच्या नावावर करून टाकली आणि त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी पिढ्यांच्या शाळा-कॉलेजची फी त्या पैशातून भरली गेली. बंगालमध्ये हे नाव लहान मुलांनाही माहीत असतं. आपल्याकडे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ते नाव म्हणजे हाजी मोहम्मद मोहसिन.

हुगळीचं घर

कोलकात्याच्या उत्तरेला, नदीच्या काठावर हुगळी नावाचं शहर आहे. कोलकाता मोठं होण्याआधी बंगालचा समुद्री व्यापार इथूनच चालायचा. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच, आर्मेनियन, इराणी, सगळ्यांच्या वखारी आणि पेढ्या या पट्ट्यात होत्या. इथेच 1732 साली मोहसिन यांचा जन्म झाला. घराणं मूळ इराणकडचं, व्यापारी, शिया पंथाचं.

त्यांच्या आई जैनब खानम यांचं हे दुसरं लग्न होतं. पहिले पती आगा मोतहर यांची जेसोर भागात मोठी जहागीर होती. जेसोर आज बांगलादेशात आहे. आगा मोतहर यांनी आपली मिळकत एकुलत्या एका मुलीच्या नावावर केली होती. तिचं नाव मन्नूजान. पुढे जैनब खानम यांचा निकाह हाजी फैजुल्लाह यांच्याशी झाला आणि मोहसिन जन्मले. म्हणजे मन्नूजान ही मोहसिन यांची वयानं मोठी, आईकडून सख्खी बहीण. बाप वेगळे, आई एक, घर एक. दोघं एकत्र वाढली आणि दोघांचं एकमेकांवरचं प्रेम शेवटपर्यंत टिकलं. ही बहीण लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कहाणीची चावी तिच्याच हातात आहे.

आपल्या मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मोहसिन दहा वर्षांचे असताना, 1742 मध्ये, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या होत्या. काही महिने हुगळी शहर मराठ्यांच्या ताब्यात होतं. बंगालमधल्या आया आजही मुलांना झोपवताना बर्गींची, म्हणजे मराठा स्वारांची, भीती घालतात. लहान वयात मोहसिन यांनी असा अस्थिर काळ पाहिला. मग 1757 ची प्लासीची लढाई आली आणि नवाबी बुडून कंपनी सरकार उभं राहिलं. कालची श्रीमंती आज टिकेलच असं नाही, हे त्या पिढीला कोणी शिकवावं लागलं नाही.

शिक्षण आणि सफर

मोहसिन यांना घरी अरबी-फारसी शिकवायला इराणी उस्ताद होते. पुढचं शिक्षण मुर्शिदाबादला झालं. अक्षर अतिशय सुंदर होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं कुरआन शरीफच्या कित्येक प्रती लिहिल्या असं सांगतात. कुस्ती आणि तलवारबाजीचा शौक होता, संगीतही शिकले. म्हणजे हा माणूस लहानपणापासून कोपऱ्यात बसून तसबीह ओढणारा नव्हता. दुनिया बघणारा, दुनियेत रमणारा होता.

तरुणपणी ते सफरीला निघाले. मक्का, मदिना, नजफ, करबला, इराण, तुर्कस्तान, इजिप्त. हज केला म्हणून नावापुढे हाजी लागलं. त्या काळचा प्रवास म्हणजे शिडाची जहाजं आणि उंटांचे काफिले. आजच्यासारखं चाळीस दिवसांत परत यायची सोय नव्हती. काही वर्षांसाठी गेलेला हा माणूस परतला तेव्हा सुमारे सत्तावीस वर्षं लोटली होती आणि वय साठीला आलं होतं.

वाटेत त्यांनी काय काय पाहिलं असेल याचा विचार करा. त्या शहरांमधल्या शाळा, दवाखाने, सराया, पाणपोया, मुसाफिरखाने बहुतेक वक्फच्या मिळकतीवर चालत. एखाद्या बाजारातल्या चार दुकानांचं भाडं मदरशाला, एखाद्या बागेचं उत्पन्न हौदाच्या दुरुस्तीला. देणारा कधीचा कबरीत गेलेला, पण पाणी वाहतं आहे, मुलं शिकत आहेत. सदका-ए-जारिया हा शब्द आपण रमजानच्या बयानात ऐकतो. मोहसिन यांनी त्या शब्दाचं पाणी प्यायलं होतं, त्याच्या छपराखाली रात्री काढल्या होत्या.

बहिणीची अमानत

इकडे हुगळीत मन्नूजान यांचा निकाह मिर्झा सलाहुद्दीन यांच्याशी झाला होता. ते हुगळीचे नायब फौजदार होते. पण ते लवकरच वारले. मूलबाळ नाही. मन्नूजान यांनी पुन्हा लग्न केलं नाही आणि जेसोरची सय्यदपूर इस्टेट स्वतः सांभाळली. अठराव्या शतकात, कंपनीचे कारकून आणि शेजारचे जमीनदार टपून बसलेले असताना, एका विधवेनं एवढी मोठी जमीनदारी चालवली. महसूल वेळेवर भरला, कुळांचं गाऱ्हाणं ऐकलं, गुमास्त्यांवर नजर ठेवली. आपण मोहसिन यांच्या दानाचं कौतुक करतो. ते करताना विसरू नये की दान करायला मिळकत शिल्लक राहिली ती या बाईमुळे.

वय झाल्यावर मन्नूजान यांनी भावाला बोलावून घेतलं आणि सगळी मिळकत त्यांच्या नावावर केली. 1803 मध्ये त्यांचं निधन झालं. सत्तरी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, फकिरी वृत्तीच्या या माणसाच्या हाती अचानक बंगालमधली एक मोठी इस्टेट आली. वर्षाचं उत्पन्न पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास. त्या काळी महिना चार-पाच रुपयांत गरिबाचं घर चालत असे, एवढं सांगितलं तर रकमेचा अंदाज येईल.

मोहसिन यांनी राहणी बदलली नाही. रात्री साधे कपडे घालून ते वस्त्यांमधून फिरायचे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते बघायचे, असं हुगळीत सांगितलं जातं. घरात शिरलेल्या चोराची गरज ओळखून त्यालाच पैसे देऊन पाठवल्याची गोष्टही बंगालमध्ये प्रसिद्ध आहे. अशा गोष्टी थोरांभोवती जमा होतातच. पण पुढची गोष्ट दंतकथा नाही. तिचा कागद आहे.

नऊ वाटे

एप्रिल 1806 मध्ये मोहसिन यांनी वक्फनामा केला. सगळी मिळकत अल्लाहच्या मालकीची केली. ती विकायची नाही, वाटून घ्यायची नाही, वारसांत जायची नाही. उत्पन्नाचे त्यांनी नऊ वाटे पाडले. तीन वाटे मोहर्रम, फातिहा, इमामबाडा आणि कब्रस्तानाची दुरुस्ती अशा धार्मिक कामांसाठी. चार वाटे नोकरचाकरांचे पगार, गरजूंचे वजीफे आणि पेन्शन यासाठी. उरलेले दोन वाटे कारभार पाहणाऱ्या दोन मुतवल्लींसाठी, प्रत्येकाला एक.

शिक्षिका म्हणून मला हा हिशेब फार आवडतो. भावनेच्या भरात दिलेलं दान असं नसतं. कशाला किती हे लिहून ठेवलं आहे. मुतवल्लीचा मेहनतानाही लिहून ठेवला आहे, म्हणजे त्यानं चोरी करायचं कारण उरू नये. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडला. नऊ समान भाग, तीन अधिक चार अधिक दोन. अपूर्णांक न आवडणाऱ्या मुलांनाही तो लगेच कळला.

रजब अली खान आणि शाकिर अली खान अशा दोन विश्वासातल्या माणसांना मुतवल्ली नेमलं गेलं. सहा वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1812 रोजी, मोहसिन यांचा इंतकाल झाला. हुगळीच्या इमामबाड्याजवळ त्यांची कबर आहे.

बहुतेक चरित्रं इथे संपतात. थोर माणूस, मोठं दान, अल्लाह मगफिरत करो, आमीन. पण खरी कसोटी तर इथून पुढे सुरू झाली.

मुतवल्ली, सरकार आणि तीस वर्षं

मोहसिन डोळ्याआड झाले आणि थोड्याच वर्षांत कारभार बिघडला. मुतवल्लींवर गैरव्यवहाराचे आरोप झाले. ज्यांना एकेक वाटा ठरवून दिला होता, त्यांना तो पुरला नाही. तक्रारी गेल्या, चौकशी झाली. कंपनी सरकारनं 1810 च्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना दूर केलं आणि इस्टेट महसूल खात्याच्या देखरेखीखाली घेतली. मुतवल्ली कोर्टात गेले. खटला चालत चालत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि 1835 मध्ये त्यांच्या विरोधात निकाल लागला.

दरम्यान इस्टेटीच्या जमिनी कायमच्या पट्ट्यानं दिल्या गेल्या. त्याचं नजराण्याचं पैसं आणि खटल्याच्या काळात साठलेलं उत्पन्न मिळून लाखो रुपयांची शिल्लक जमा झाली. या पैशातून सरकारनं 1 ऑगस्ट 1836 रोजी कॉलेज उघडलं. तेच आजचं हुगळी मोहसिन कॉलेज. गर्दी इतकी की तीन दिवसांत इंग्रजी विभागात 1200 आणि अरबी-फारसीच्या विभागात 300 विद्यार्थी दाखल झाले. पुढे कॉलेज चिनसुऱ्यातल्या ज्या वाड्यात गेलं, तो एके काळी जनरल पेराँ यांचा होता. पेराँ म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे फ्रेंच सेनापती. मराठ्यांच्या चाकरीत कमावलेल्या माणसाचा वाडा आणि एका हाजीच्या वक्फचा पैसा, यातून बंगालचं एक मोठं कॉलेज उभं राहिलं.

या कॉलेजात बंकिमचंद्र चट्टोपाध्याय शिकले. त्या भागातल्या कित्येक हिंदू घरांत पहिलं इंग्रजी शिक्षण इथून गेलं. मोहसिन यांच्या पैशातून कोणाचंही मूल शिकलं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, उलट ही त्या माणसाच्या नावाची बरकत आहे. पण एक प्रश्न उरतोच. ज्या गरीब मुस्लिम घरांचा या वक्फवर पहिला हक्क होता, त्यांची मुलं इंग्रजी विभागात अगदी मोजकी होती. फी परवडत नव्हती, इंग्रजीची भीती होती, दूर खेड्यातून येऊन राहायची सोय नव्हती. समाजातही नव्या शिक्षणाबद्दल संशय होता. पैसा मोहसिन यांचा, कारभार सरकारचा, आणि ज्यांच्या नावानं वक्फ केलं ते दाराबाहेर, असं बरीच वर्षं चाललं.

त्याच काळात इमामबाड्याची नवी भव्य इमारतही उभी राहिली. काम 1841 मध्ये सुरू झालं आणि 1861 मध्ये पूर्ण झालं. उंच घड्याळाचा मनोरा आजही नदीवरून दिसतो. नदीकडच्या भिंतीवर वक्फनाम्याचा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. होडीतून जाणाऱ्यालाही वाचता यावा असा. मला वाटतं, प्रत्येक ट्रस्टच्या भिंतीवर असा मजकूर असायला हवा.

हिशेब मागणारे

मग बदल कसा झाला? कोणीतरी विचारलं म्हणून.

नवाब अब्दुल लतीफ हे फरीदपूरचे, सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. 1863 मध्ये त्यांनी कोलकात्यात मोहम्मडन लिटररी सोसायटी स्थापन केली. मोहसिन फंडाचा पैसा मुस्लिम मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, यासाठी ते अर्ज, निवेदनं, भेटीगाठी अशा मार्गानं वर्षानुवर्षं मागे लागले. ना मोर्चा, ना शिवीगाळ. कागद आणि चिकाटी. 1871 मध्ये विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्यानंही बंगालच्या मुसलमानांच्या परिस्थितीवरच्या आपल्या पुस्तकात या फंडाच्या वापरावर कडक टीका केली.

अखेर 1873 मध्ये सरकारनं कॉलेजचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करायचं ठरवलं आणि मोहसिन फंड मोकळा झाला. त्यातून ढाका, राजशाही आणि चितगाव इथल्या मदरशांना मदत मिळाली. बंगालभरच्या सरकारी शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुस्लिम मुलांच्या फीचा मोठा हिस्सा फंडातून भरला जाऊ लागला आणि शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मोहसिन यांना जाऊन तेव्हा साठ वर्षं होऊन गेली होती.

साठ वर्षं! दोन-तीन पिढ्या. त्या काळात जी मुलं शिकू शकली नाहीत त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

आणि ज्यांना संधी मिळाली त्यांचं काय झालं, त्याचंही एक उदाहरण देते. सय्यद अमीर अली हे याच हुगळी कॉलेजचे विद्यार्थी. पुढे कोलकाता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. 1909 मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. ज्या कौन्सिलपुढे मोहसिन यांच्या मुतवल्लींचा खटला चालला होता, तिथेच मोहसिन कॉलेजचा विद्यार्थी न्यायाधीश म्हणून बसला. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. 1876 पासून 1904 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, अमीर अली हे हुगळी इमामबाड्याच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. वकिली, न्यायदान, ग्रंथलेखन हे सगळं सांभाळून एवढा मोठा माणूस वक्फची बैठक आणि जमाखर्च यासाठी वेळ काढत होता.

आपल्यासाठी

आपण दान करण्यात कमी नाही. रमजानमध्ये जकात निघते, फितरा निघतो, मशिदीच्या गल्ल्यात नोटा पडतात, कुठे पूर आला तर पोरं रात्रभर जागून किट बांधतात. हात ढिला आहे, अलहमदुलिल्लाह. कमी पडतं ते नंतरचं. पावती फाडली का, वही कोणी लिहिली, वर्षाच्या शेवटी हिशेब जमातीसमोर वाचला का, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. विचारणाऱ्याकडे संशयानं पाहिलं जातं. मी स्वतः एका बैठकीत असा प्रश्न विचारला तेव्हा बायकांनी यात पडू नये, असं मला गोड शब्दांत सांगण्यात आलं. त्या दिवशी मला मन्नूजान आठवल्या नव्हत्या. आता आठवतात. जिनं इस्टेट राखली ती बाईच होती.

मोहसिन यांच्या चरित्रातून मी हे शिकले. देणारा एक असतो, पण ती अमानत राखायला अनेक लोक लागतात आणि प्रत्येक पिढीत नव्यानं लागतात. पैसा नसलेला माणूस वेळ देऊ शकतो. कॉमर्सचा विद्यार्थी मशिदीच्या ट्रस्टची वही लिहून देऊ शकतो. निवृत्त तलाठी वक्फ जमिनीचा सातबारा काढून बघू शकतो. माझ्यासारखी शिक्षिका पोरांचे फॉर्म वेळेत भरून देऊ शकते. याला कोणी दान म्हणत नाही, फोटोही छापून येत नाही. पण अब्दुल लतीफ यांनी अर्ज लिहिले नसते तर मोहसिन यांचं दान कागदावरच राहिलं असतं.

आज बांगलादेशात ढाका विद्यापीठातलं एक वसतिगृह आणि चितगावचं एक सरकारी कॉलेज त्यांच्या नावानं आहे. इकडे हुगळीत कॉलेज आणि इमामबाडा आहे. फाळणीनं जमीन वाटली, तरी या एका माणसाचं नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिलं.

त्या नववीतल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी मला फॉर्म आणून दिला. ट्रस्टवरचं ते नाव कोणाचं, हे ती घरी विचारून आली होती. तिच्या दादीजानला माहीत होतं. गावातलेच लाकडाचे व्यापारी, बाजारातली दोन दुकानं गरीब मुलांच्या शिक्षणासाठी लिहून गेले होते. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला की त्या दोन दुकानांचं भाडं आता किती येतं आणि ते कुठे जातं.

मला उत्तर माहीत नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी ते विचारायला जाणार आहोत, इन्शाअल्लाह.